आईला थायलंड दाखवायचंय, गुडघे सांभाळून : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी दोन वर्षांपासून बँकॉकमध्ये ऑन नुट भागात राहते. आई साताऱ्याहून पहिल्यांदाच माझ्याकडे आली आहे. वय ७१. दोन्ही गुडघे दुखतात, ऑपरेशन झालेलं नाही, नी कॅप घालून हळूहळू चालते. रक्तदाबाची गोळी चालू आहे. शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि एकादशी कडक. बाबा गेल्यापासून ती फारशी घराबाहेर पडली नव्हती, त्यामुळे ती यायला तयार झाली याचंच मला फार अप्रूप आहे. आठ दिवस झाले, अजून अडीच आठवडे हातात आहेत. ते मला नीट आखायचे आहेत.

आधी काय चुकलं ते सांगते, म्हणजे अडचण लक्षात येईल.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला ग्रँड पॅलेसला नेलं. निघायला उशीर झाला आणि आत शिरेपर्यंत अकरा वाजले. जानेवारी म्हणजे इथला थंडीचा हंगाम, पण अकराच्या उन्हात त्या फरसबंद अंगणात उभं राहून बघा. सावलीला जागा नाही, गर्दी प्रचंड. पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात सगळे पाय मागे घेऊन जमिनीवर बसतात, पाय मूर्तीकडे करायचे नसतात. आईला खाली बसता येत नाही. ती दाराजवळ जराशी वाकून उभी राहिली, नमस्कार केला आणि लगेच बाहेर आली. सगळ्यांच्या मधे आपण अडचण होतोय असं तिला वाटलं, हे मला चेहऱ्यावरून दिसलं.

तिची कळी खुलली ती त्याच आवारातल्या ओवऱ्यांमध्ये. मंदिराला वेढणाऱ्या त्या लांबलचक भिंतींवर रामाकियन, म्हणजे इथलं रामायण, १७८ चित्रांत रंगवलेलं आहे. वर छप्पर, त्यामुळे ऊनही नाही. तिला एकही पाटी वाचावी लागली नाही. हिरव्या तोंडाचा दशकंठ (थाई लोक थोत्सकन म्हणतात), पांढरा हनुमान, अंगाचाच पूल करून सैन्याला पलीकडे नेणारा हनुमान. ती मलाच गोष्ट सांगत होती. एका ठिकाणी मी तिला सांगितलं की इथल्या गोष्टीत हनुमान ब्रह्मचारी नाही. रावणाची मुलगी सुवर्णमच्छा, म्हणजे सोन्याची मासोळी, आणि हनुमान यांचा मच्छानु नावाचा मुलगा आहे. मला वाटलं, तिला हे आवडणार नाही. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अगं, हा आपला मकरध्वज की!" तिच्या पोथीत घामाच्या थेंबातून झालेला मुलगा, इथे असा. सीता रावणाचीच मुलगी आहे हे मात्र तिला पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

साधारण चाळीस चित्रं झाल्यावर ती कट्ट्यावर टेकली आणि म्हणाली, "मी इथं बसते, तू बघून ये."

मंडळी, माझी खरी अडचण हे वाक्य आहे. लहानपणी सहलीला गेलो की आई हेच म्हणायची. अजिंक्यताऱ्यावर, प्रतापगडावर, सगळीकडे. चपला, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या सांभाळत ती बसायची आणि आम्ही बघून यायचो. तेव्हा तिचे गुडघे चांगले होते, तरी तीच बसायची. दमले असं ती कधीच म्हणत नाही, ते या वाक्यावरून ओळखावं लागतं. आणि मी त्या दिवशी ते ओळखलं नाही. तिथून वाट फोला (थाईत "वाट" म्हणजे देऊळ) नेलं, ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध दाखवला. तिथल्या १०८ भांड्यांत एकेक नाणं टाकत जायचं तिला फार आवडलं, पण ते संपवून बाहेर आली तेव्हा पाय उचलत नव्हता. रात्री गुडघे सुजले. पुढचे दोन दिवस घरी, बर्फाचा शेक आणि आराम.

त्यानंतर जे जमलं तेही लिहिते, दुसऱ्या कोणाच्या आईवडिलांना उपयोगी पडेल.

चित लोम स्टेशनजवळचं एरावन देवस्थान. १९५६ साली बसवलेला चार मुखांचा ब्रह्मदेव आहे, थाई लोक फ्रा फ्रोम म्हणतात. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ बघायला पुष्करपर्यंत जावं लागतं आणि इथे भर चौकात, मॉलच्या शेजारी, दिवसभर उदबत्त्या. स्टेशनला लिफ्ट आहे आणि त्या भागात डोक्यावर छप्पर असलेला सपाट पादचारी पूल सियाम स्टेशनपर्यंत जातो. आजूबाजूच्या इमारतींपाशी गणपती, इंद्र, गरुडावरचा नारायण, वरच्या मजल्यावर लक्ष्मी असे देव आहेत. आम्ही दोन तासांत चार केले, मधे दोनदा गार हवेत बसून. सिलोमचं महामारिअम्मन मंदिरही सोपं गेलं. तिथे समोर फुलांच्या माळा बघून तिला साताऱ्याचीच आठवण आली. आणि उंच लाल झोपाळ्याच्या चौकाजवळचं देवस्थान, म्हणजे पहिला राम या थाई राजाच्या काळातलं, १७८४ चं ब्राह्मण मंदिर. शंकर, गणपती आणि विष्णू यांची तीन वेगवेगळी देवळं, शांत, गर्दी नाही. इथल्या राजाला "राम" ही पदवी आहे आणि राजदरबारातले विधी करायला अजून ब्राह्मण आहेत, हे आईने फोनवर मावशीला दोनदा सांगितलं.

खाण्याचं. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत "जे" लिहिलेलं दिसलं की (आकडा १७ असावा तसं दिसतं) तिथे मांस, मासे, अंडी काही नाही, कांदा-लसूणही नाही. आईचा चातुर्मास निभेल असं. नुसतं शाकाहारी म्हणून सांगितलं तर माशाचा सॉस, नाम प्ला, हमखास असतो. बाजारात एक बाई आप्पेपात्रासारख्याच बिडाच्या तव्यावर नारळाचं दूध आणि तांदळाच्या पिठाचे छोटे गोळे करत होती, खनोम क्रोक. आई दहा मिनिटं बघत उभी. गोळे किती वेळाने काढते ते तिने मनातल्या मनात मोजलं. खनोम तोम म्हणजे गूळखोबऱ्याचं सारण आत, चिकट तांदळाचं पीठ बाहेर, वरून ओलं खोबरं. मोदकच. इथे ते गणपतीला दाखवतातही.

पण एक सांभाळा. एकादशीला बाजारात तिला पारदर्शक साबुदाण्याचे गोळे दिसले. उपासाचं मिळालं म्हणून आनंदाने पुढे झाली, पैसेही काढले. ते साखू साई मू होतं. साबुदाणा खराच, पण आत डुकराच्या मांसाचा खिमा आणि दाणे. मी वेळेवर पोचले म्हणून निभावलं. माझ्या अंगावर काटा आला.

आता प्रश्न.

अयुथया तिला बघायचंच आहे, कारण नाव अयोध्येवरून आहे. बँकॉकहून साधारण ८० किलोमीटर. रेल्वेने न्यावं की गाडी करून? तिसऱ्या वर्गाच्या डब्याच्या पायऱ्या उंच असतात, मला त्याची भीती वाटते. तिथल्या टुकटुकमध्ये मागून चढावं लागतं, तेही कठीण. कोणती देवळं पायऱ्यांशिवाय बघता येतात? पडक्या विटांवर चढायला लावणारी नावं कृपया देऊ नका.

चाओ फ्राया नदीवर तिला नावेतून न्यायचं आहे. साध्या एक्सप्रेस बोटी धक्क्याला जेमतेम टेकतात आणि निघतात, धक्का आणि बोट दोन्ही हलत असतात. मोठ्या पर्यटक बोटी जरा थांबतात का? वाट अरुणच्या उंच पायऱ्या चढायचा प्रश्नच नाही, पण ते नदीतून, संध्याकाळच्या उजेडात तिला दिसावं असं फार वाटतं.

ग्रँड पॅलेसच्या तिकिटावर साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहात खोनचा, म्हणजे मुखवटे घालून केलेल्या रामायण नृत्याचा छोटा प्रयोग बघता येतो. त्या दिवशी आम्ही तो सोडला, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय. ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलं आहे का? आत पायऱ्या किती?

आणि शेवटचे चार-पाच दिवस उत्तरेतलं डोंगराळ चियांग माई की समुद्रकाठचं हुआ हिन?

स्वच्छतागृहांबद्दलही जरूर लिहा. हाताने धरायचा फवारा जवळजवळ सगळीकडे असतो, तो प्रश्न नाही. पण जुन्या देवळांत उकिडवं बसायची सोय असते, आणि तिला ते जमत नाही. तेवढ्यासाठी ती दिवसभर पाणीच पीत नाही, हे मला परवा कळलं.

भर (सहा दिवसांनी):

इतक्या जणांनी इतकं मनापासून लिहिलंत, मनापासून आभार. आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले.

अयुथयाला गाडीनेच गेलो, सकाळी सहाला निघून. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे. त्याच्यासमोर फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं त्याच्याहून वर जाऊ द्यायचं नाही. आईला बसता येईना, म्हणून तिने बाजूला होऊन हात जोडले आणि फोटो नको म्हणाली. आजूबाजूला शिरच्छेद झालेल्या मूर्तींच्या रांगा आहेत. १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने शहर जाळलं, त्याआधी इथे चारशे वर्षं राजधानी होती, हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हंपीसारखं झालं."

ज्यांनी वाट लोकायसुथा सुचवलं त्यांना विशेष धन्यवाद. उघड्यावर निजलेला प्रचंड बुद्ध, अगदी रस्त्याला लागून, एकही पायरी नाही. गाडी समोर थांबली आणि आई स्वतः चालत पायांपासून डोक्यापर्यंत जाऊन आली. येताना रोती साई माई घेतली, पातळ पोळीत गुंडाळलेले म्हातारीचे केस. तिला फार गोड लागली, पण साताऱ्याला न्यायला चार पुडे घेतलेत.

"मी इथं बसते" दिवसभरात एकदाच आलं, वाट याई चाय मोंगखोनच्या मोठ्या स्तूपाच्या पायऱ्यांपाशी. तिथे मीही तिच्याशेजारी बसले. वर काय आहे ते मला माहीत नाही.

कोणीतरी मुआंग बोरान सुचवलं होतं, समुत प्राकानचं. थायलंडच्या नकाशाच्या आकाराची जागा आणि देशभरातल्या वास्तूंच्या प्रतिकृती, आत गोल्फ कार्ट भाड्याने मिळते. ते परवा करतोय. कार्ट मी चालवणार, त्यामुळे जिथे वाटेल तिथे थांबता येईल. खोनची तिकिटं पुढच्या आठवड्यात. त्यासाठी ग्रँड पॅलेसचं तिकीट पुन्हा काढणार आहे, आणि या वेळी साडेआठला दार उघडताच आत जाऊन राहिलेली १३८ चित्रं फक्त. बाकी काही नाही.

चियांग माईबद्दल अजून ठरत नाही. तिथल्या दोई सुथेप डोंगरावरच्या देवळाला तीनशेच्या वर पायऱ्या असल्या तरी शेजारून छोटी ट्रॅम वर जाते हे कळलं, ते बरं झालं. पण फेब्रुवारीपासून तिकडे शेतं आणि रानं जाळल्याचा धूर साचतो आणि आईला जुना खोकला आहे. आत्ता तिकडे राहणारं कोणी असेल तर हवा कशी आहे ते कृपया सांगा. तसं असेल तर हुआ हिनच बरं. समुद्र, सपाट वाळू, बसायला खुर्ची.

आणि एक छोटा प्रश्न. सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचा मोठा देखावा आहे, वासुकी, देव, दानव सगळे. पण तो निघताना, पासपोर्ट तपासून आत गेल्यावर लागतो, आणि तिथे मी तिच्यासोबत नसेन. तिने व्हीलचेअर मागितली आहे. कोणाच्या आईवडिलांना व्हीलचेअरवरून नेताना तो दिसला का, की कर्मचारी दुसऱ्याच वाटेने गेटवर नेतात? दोन मिनिटं तिथे थांबवा, असं थाईमध्ये लिहून चिठ्ठी तिच्या पर्समध्ये ठेवायचा विचार आहे.