मदत हवी आहे: ४५०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब म्हणजे बारच्या गेजवर नेमकं किती?

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं लहान वर्कशॉप आहे, हायड्रॉलिक सिलिंडर बनवतो. सध्याच्या ऑर्डरच्या ड्रॉइंगवर प्रूफ टेस्ट, म्हणजे जादा दाब देऊन मजबुतीची चाचणी, 'किमान ४५०० पीएसआयजी, २ मिनिटं' अशी आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १०० मिमी.

आमचं जुनं गेज किलोचं, म्हणजे किलो प्रति चौरस सेंमीचं. त्याच्यासाठी टेस्ट बेंचमागच्या भिंतीवर ऑइलपेंटनं ३१७ लिहिलंय. ते गेज बिघडलं आणि नवं आलं ते बारचं, ० ते ६००, एक रेघ १० बारची. बेंचवरचे मामा म्हणाले, "किलो काय नि बार काय, एकच की ओ." काल दोन सिलिंडर भिंतीवरच्या आकड्यावरच, ३१७ बारला, टेस्ट झाले. रात्री हिशेब केला तर ४५०० पीएसआय म्हणजे ३१०.३ बार येतात.

मामांचा अनुभव मोठा आहे, त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही. फरक दोन टक्क्यांचाच, हेही खरं. पण १०० मिमी बोअरवर पावणेसात बार जास्त म्हणजे एंड कॅपवर (टोकाच्या झाकणावर) सुमारे ५४० किलोचा जादा जोर. शेजारी माणूस उभा असतो, म्हणून झोप लागली नाही.

माझा हिशेब बरोबर आहे का? पीएसआयजी आहे म्हणून हवेच्या दाबाचे १४.७ मिळवायचे का? आणि त्या दोन सिलिंडरांचं काय करू?

उत्तर:
हिशेब बरोबर आहे. पौंड ०.४५३६ किलोचा, चौरस इंच ६.४५१६ चौ. सेंमीचा; भागिलं की १ पीएसआय = ०.०७०३ किलो. ४५०० ला ३१६.४, म्हणून भिंतीवर ३१७ आलं. किलोला ०.९८०७ नं गुणलं की बार. १४.७ मिळवू नका. 'जी' म्हणजे गेजचा दाब. तुमचं गेजही उघड्या हवेत शून्यच दाखवतं.

एक सांभाळा. 'किमान' लिहिलंय तेव्हा ३१० ला थांबू नका, ते ४४९६ च होतात. ३११ तरी हवेत, आणि १० बारच्या रेघेवर ३११ डोळ्यानं वाचता येत नाहीत. बारीक रेघांचं किंवा डिजिटल गेज घ्या, कॅलिब्रेशन केलेलं. दोन सिलिंडरांच्या रिपोर्टात ३१७ बारच लिहा आणि चालेल का ते ग्राहकाला विचारा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. ग्राहकाला आजच मेल केली, दोन्ही सिलिंडर बाजूला ठेवलेत. मामांना भागाकार कागदावर करून दाखवला. त्यांनी तो दोनदा पडताळला आणि स्वतःच ब्रश मागितला. भिंतीवर आता आकड्यापुढे एककही आहे: ३१७ किलो, ३११ बार. डिजिटल गेज येईपर्यंत टेस्ट बंद.