सिगारेट सुटली, पण व्हेप सुटत नाही: मार्ग कोणता धरावा?

रीडिंगवासी

नमस्कार. मी गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये असून सध्या रीडिंग येथे राहतो. पुण्यात महाविद्यालयात असताना टपरीवरच्या चहाबरोबर सुरू झालेली सिगारेट चौदा वर्षे चालली आणि जानेवारी २०२२ मध्ये सुटली. सुटली म्हणण्यापेक्षा ई-सिगारेटने, म्हणजे येथे सगळे जिला व्हेप म्हणतात तिने, तिची जागा घेतली असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. तेव्हापासून एकही सिगारेट ओढलेली नाही. जिना चढताना लागणारी धाप गेली, सकाळचा खोकला गेला, त्यामुळे त्या निर्णयाची मला खंत नाही.

अडचण निराळीच आहे. सिगारेट संपत असे. ती विझवली की पुढची पेटवण्यासाठी उठून बाहेर जावे लागे, थंडीत कुडकुडावे लागे आणि त्यामुळे दिवसाच्या दहा-बारांवर आकडा जात नसे. व्हेपला शेवटच नाही. ती उशाशी चार्जिंगला असते, डोळे उघडण्याआधी हात तिच्याकडे जातो, आणि घरून काम करण्याच्या दिवशी मी किती झुरके घेतले हे मला खरोखरच सांगता येत नाही. पूर्वी वापरून फेकण्याच्या व्हेप घेत असे. १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर येथे बंदी आली, तेव्हा द्रव भरण्याची पॉड घेतली. येथील कायद्याने विकता येणारी सर्वाधिक तीव्रता, म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिन, मी वापरतो आणि दिवसाला साधारण दोन मिलिलिटर संपतात. परवा मित्राकडे गणपतीच्या आरतीत तबक माझ्या हाती आले, तेव्हा ते उजव्या हातात पेलून डावा हात खिसा चाचपत होता. हे माझ्या बायकोने पाहिले आणि काहीच बोलली नाही, ते अधिक लागले.

डिसेंबरच्या शेवटी धाकट्या भावाच्या लग्नासाठी चार आठवडे साताऱ्यास जायचे आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या आयातीस बंदी असल्यामुळे ती बरोबर नेण्याचा प्रश्नच नाही. घरच्यांचे म्हणणे असे की तेथे मिळणार नाही, म्हणजे आपोआप सुटेल. मला मात्र भीती वाटते ती मंडपामागे जमणाऱ्या मित्रांची आणि त्यांच्या खिशातल्या पाकिटांची.

तेव्हा हाताशी असलेल्या तीन महिन्यांत आधी तीव्रता कमी करावी की ओढण्याच्या वेळा? निकोटिनचे गम किंवा त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या घेणे म्हणजे पुन्हा एका खुंटीवरचे दुसऱ्या खुंटीवर टांगणे नव्हे काय? आणखी एक शंका आहे. सिगारेट सोडल्यावर दोन आठवडे माझे हात थरथरत असत आणि तेव्हा कुणीतरी कॉफी कमी करण्यास सांगितले होते. आताही तेच करावे लागेल का?

उंबरठा

मी लेस्टरला असते. पाच वर्षे व्हेप ओढली आणि गेल्या एप्रिलपासून पूर्ण बंद आहे. त्याआधीचा एक प्रयत्न फसला होता, तो आधी सांगते, कारण तुमचे घरचे जे सुचवत आहेत नेमके तेच मी केले होते. नववर्षाच्या दिवशी व्हेप कचऱ्यात टाकली आणि नवव्या दिवशी, कार्यालयात झालेल्या एका वादानंतर, पेट्रोल पंपावरच्या दुकानातून सिगारेटचे पाकीट घेतले. दहाचे पाकीट येथे मिळत नाही, म्हणून वीसचे घ्यावे लागले. त्यांपैकी सतरा मी फेकल्या. तीन फेकण्याआधी ओढल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हेप विकत घेतली आणि आजही मला ती माघार शहाणपणाची वाटते. सिगारेटकडे परत जाण्यापेक्षा व्हेप चालू राहिलेली बरी, हे मनाशी पक्के असल्याशिवाय या फंदात पडू नये.

दुसऱ्या खेपेस मी तीव्रतेला हातच लावला नाही. तुम्ही लिहिले आहे की व्हेपला शेवट नाही. मी तिला आधी जागा दिली आणि त्यातून शेवट आपोआप आला. जिन्याखालच्या कपाटात ती ठेवायची आणि ओढायची ती फक्त मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांपाशी, उभ्याने, हातात चहा किंवा फोन न घेता. चार्जर स्वयंपाकघरात नेला. पहिले चार दिवस मी त्या डब्यांपाशी इतक्या वेळा गेले की शेजारीण विचारू लागली, काही हरवले आहे का. मग पाऊस लागला आणि कोट चढवण्याचा कंटाळा तलफेपेक्षा मोठा असल्याचे वरचेवर लक्षात येऊ लागले. सकाळचा पहिला झुरका सर्वांत कठीण गेला. तो आधी न्याहारीपर्यंत, मग कार्यालयात पोहोचेपर्यंत आणि शेवटी दुपारच्या जेवणापर्यंत पुढे ढकलला.

हे बसल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, मी तीव्रता उतरवली. दुकानात २० आणि १० मिळते, मधले १५ मला मिळाले नाही. पण दोन मिलिलिटरच्या पॉडमध्ये एका बाटलीतले एक आणि दुसरीतले एक मिलिलिटर घातले की १५ तयार होते. १५ वरून १० वर जाणे जाणवले नाही. १० वरून ५ वर येताना चिडचिड झाली, झोप मोडली, आणि वडील रुग्णालयात असताना मी पुन्हा १० वर गेले व महिनाभर तेथेच राहिले. सगळे मिळून सात महिने लागले. तुमच्याकडे तीन आहेत, तेव्हा विमानात बसण्याआधी शून्यावर येण्याचा हट्ट धरू नका.

औषधवाला

मी बर्मिंगहॅमजवळ फार्मासिस्ट आहे. उंबरठा यांनी आधी जागा आणि मग तीव्रता हा जो क्रम सांगितला तो मला पटतो. फक्त त्यात मोजमापाची भर घालतो, कारण माझ्यासमोर येणारे बहुतेक लोक तेथेच फसतात. तीव्रता उतरवली की शरीर आपली नेहमीची मात्रा वसूल करू पाहते. माणूस नकळत अधिक खोल आणि अधिक वेळा ओढतो. दिवसाला २० चे दोन मिलिलिटर म्हणजे द्रवातील ४० मिलिग्रॅम निकोटिन. १० वर येऊन चार मिलिलिटर ओढले तर आकडा तोच राहिला आणि वाफ मात्र दुप्पट छातीत गेली. म्हणून बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहावी. दहा मिलिलिटरची बाटली पाच दिवस पुरत होती आणि आता तीनच दिवस पुरते आहे असे दिसले, तर उतरणीची पायरी फार मोठी झाली असे समजावे आणि मधली पायरी घ्यावी.

कॉफीबद्दलची शंका फार चांगली आहे. सिगारेटच्या धुरातील डांबरासारख्या घटकांमुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) अधिक जोमाने काम करू लागते आणि त्यामुळे कॅफिन शरीरातून लवकर निघून जाते. सिगारेट सुटली की ते विकर काही दिवसांत मूळ गतीवर येते आणि नेहमीचेच चार कप अंगावर येतात. तुमची २०२२ मधली थरथर निदान काही अंशी त्यातली असावी. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही, त्यामुळे ती सोडताना कॉफी कमी करण्याचे ते कारण उरत नाही. झोप बिघडली असेल तर संध्याकाळची कॉफी टाळावी, एवढेच. (अवांतर: मानसिक आजारावरील क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही औषधेही याच विकरातून जातात. ती घेणाऱ्याने सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे.)

आता खुंटीचा प्रश्न. झुरक्यातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि त्या झटक्याचीच चटक लागते. पट्टीतून ते तासन्‌तास मंदपणे झिरपते, त्यामुळे तलफेची धार बोथट होते, पण ‘मजा’ येत नाही. खुंटी तीच असली तरी ती उतरत्या जिन्यावर आहे. पट्टीने रात्री विचित्र स्वप्ने पडू लागली तर झोपताना ती काढावी. गम चघळत राहण्याची वस्तू नाही. चव झणझणू लागेपर्यंत चावायचे आणि मग, आपल्याकडे तंबाखूचा बार धरतात तसे, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचे. आधीची पंधरा मिनिटे चहा, कॉफी किंवा फळांचा रस घेऊ नये. आम्लामुळे तोंडातून निकोटिन नीट शोषले जात नाही. लोक चहाबरोबर गम चघळतात आणि मग गमचा काही उपयोग नाही म्हणतात.

गोळ्यांमध्ये व्हॅरेनिक्लिन २०२४ मध्ये येथे पुन्हा उपलब्ध झाले आणि सायटिसिन हे २५ दिवसांचे औषधही त्याच वर्षी आले. दोन्ही सिगारेट सोडण्यासाठी मान्य आहेत. व्हेप सोडण्यासाठी त्यांचे अभ्यास झाले असून निष्कर्ष आशादायक आहेत, परंतु पुरावा अजून तोकडा आहे, असे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०२५ च्या आढाव्यातही म्हटले आहे. तेव्हा तो निर्णय तुमच्या जीपीशी, म्हणजे येथील नेहमीच्या डॉक्टरांशी, बोलून घ्यावा. निकोटिन पूर्ण बंद झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट असतात आणि दोन ते चार आठवड्यांत बरेचसे निवळते. म्हणून शेवटचा दिवस लग्नाच्या आदल्या आठवड्यात धरू नका.

कृष्णाकाठ

वाईहून लिहितो. लग्नघरात सिगारेट विकत घ्यावी लागत नाही, ती हातात येऊन पडते. तेव्हा रीडिंगवासी यांची भीती रास्त आहे. माझे मत वरील दोघांहून थोडे वेगळे आहे. शून्यावर येऊन कोरडे येण्यापेक्षा, थोडे निकोटिन शिल्लक ठेवून, खिशात गम घेऊन यावे आणि येथे असेपर्यंत तेच वापरावे. येथे औषधांच्या दुकानात २ मिलिग्रॅमचे गम सहज मिळते, पण हळदीच्या रात्री अकरा वाजता दुकान उघडे नसते आणि टपरी उघडी असते, म्हणून साठा बरोबर असावा. कुणी पाकीट पुढे केले तर “डॉक्टरांनी बंद केली आहे” एवढे म्हणावे. “मी सोडली आहे” म्हटले की आपल्याकडे तो आव्हानाचा विषय होतो आणि चार जण ते मोडायला बसतात.

एक इशारा मात्र देतो. हल्ली परदेशातून येणारी मुले ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या पांढऱ्या पुड्या आणतात आणि धूर नाही, वाफ नाही म्हणून निश्चिंत असतात. माझी आजी साठ वर्षे मिश्री लावत होती; तिच्यातही धूर नव्हता. पुडीत तंबाखू नसतो हे मला ठाऊक आहे, पण सुटायचे आहे ते निकोटिनपासून, आणि तोंडात दिवसभर काहीतरी धरून ठेवण्याची सवय कशी असते हे त्या घरात वाढलेल्यास सांगावे लागत नाही.

उंबरठा

कृष्णाकाठ यांचे म्हणणे मान्य आहे. मी लग्नघराचा विचारच केला नव्हता.

रीडिंगवासी

सर्वांचे मनापासून आभार. कॉफीचा उलगडा वाचून चार वर्षांपूर्वीच्या माझ्या त्या थरथरीकडे मी आता निराळ्या नजरेने पाहतो आहे. तेव्हा तिला तलफ समजूनच मी व्हेप अधिक ओढू लागलो होतो.

असे ठरवले आहे. ऑक्टोबरभर तीव्रता २० च ठेवून फक्त जागा आणि वेळा बदलायच्या. आमच्या सदनिकेला अंगण नाही, म्हणून तळमजल्यावर सायकली ठेवण्याच्या खोलीबाहेर उभे राहायचे, म्हणजे प्रत्येक वेळी तीन मजले उतरणे आणि चढणे आले. नोव्हेंबरमध्ये १५ आणि जमल्यास १०. विमानात बसताना व्हेप येथेच राहील आणि बरोबर गम असेल. त्याची मात्रा आणि पट्टी हवी की नको, हे पुढच्या आठवड्यात जीपीला विचारतो. चालू बाटलीवर आजची तारीख घातली आहे.

चार्जर काल रात्री स्वयंपाकघरात नेला. पहाटे तीन वाजता पाणी प्यायच्या निमित्ताने मी तेथे गेलो होतो, हेही नोंदवून ठेवतो.