एअर रायफलच्या नळीत पितळी ब्रश कशाला?

पन्हाळकर
क्लबात नव्या मुलाने रायफल घेतली की आठवड्याच्या आत पालक क्लीनिंग किट मागवतात. तीन तुकड्यांचा रॉड, पितळी ब्रश, सॉल्व्हंटची बाटली. हे किट बारुदाच्या बंदुकीसाठीचं. एअर रायफलमध्ये बारूद जळत नाही, पॅलेटवर, म्हणजे शिशाच्या छर्ऱ्यावर, तांब्याचं आवरण नसतं. नळीत उरतं ते शिशाचं पातळ लेपण आणि थोडी धूळ. सॉल्व्हंटने विरघळवायचं असं आत काही नसतंच. उलट ते ओघळून ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला लागलं तर रबर फुगतं आणि हवा गळायला लागते.

10 मीटरच्या पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलला 4.5 मिमीचे फेल्टचे बोळे पुरेत, असं माझं ठाम मत आहे. पॅलेटसारखे भरायचे आणि सुरक्षित दिशेला झाडायचे. पहिला काळपट निघतो, पुढचा राखाडी. पांढरा दिसला की थांबायचं. ब्रश खोक्यातच राहू द्या.

निवृत्त सुभेदार
अजिबात पटलं नाही. एनसीसीच्या पोरांना मी पहिल्या दिवशी पुलथ्रू (नळीतून चिंधी ओढायची दोरी) आणि चिंधी हातात द्यायचो, मग रायफल. हत्यार साफ ठेवणं ही शिस्त आहे आणि ती मुलांना लहानपणीच लागली पाहिजे. राहिला ब्रश. पितळ पोलादापेक्षा मऊ, नळीला ओरखडा कसा पडेल? फेल्ट धूळ पुसतो. पण मॅच रायफलची नळी बऱ्याचदा तोंडाशी किंचित आवळलेली असते, तिथे बसलेलं शिसं घासल्याशिवाय निघत नाही.

पन्हाळकर
साहेब, शिस्तीबद्दल वाद नाही. पण बारुदाची जुनी .303 रायफल त्याच संध्याकाळी साफ करायची सवय कुठून आली? जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून, म्हणजे बारूद पेटवणाऱ्या टोपीतून, क्षार उरायचे, ते ओल धरायचे आणि नळी गंजायची. एअर रायफलला प्रायमरच नाही.

पितळ मऊ, मान्य. पण त्याचे केस ज्या पिळाच्या तारेत धरलेले असतात ती बहुधा पोलादी असते. रॉडचे सांधे असतात, रॉड वाकतो आणि नळीच्या तोंडाची कड घासतो. पॅलेट नळी सोडताना शेवटचा स्पर्श याच कडेला करतं. तिथे बारीकशी खोच पडली तरी मागची हवा एका बाजूने आधी सुटते आणि पॅलेट कलतं. आपल्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि पात्रता फेरीत 60 शॉट दशांशात मोजले जातात. तिथे 10.2 आणि 10.6 यांत फरक पडतो हो.

तंगूस
तुम्ही दोघं घाटावर बसून बोलताय. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर रायफल नुसती फेल्टवर ठेवून बघा! फोमच्या पेटीत ओल साचते आणि नळी तांबूस व्हायला लागते. उघड्या डबीतल्या पॅलेट्सवरसुद्धा पांढुरकी भुकटी धरते आणि तीच नळीत जाते. आम्हाला तेलाचं बोट लागतंच.

पण रॉड नको, यावर पन्हाळकरांशी सहमत. मासेमारीची जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, दुमडायची, दुमड तोंडाकडून आत सरकवून ब्रीचला, म्हणजे पॅलेट भरायच्या मागच्या टोकाला, बाहेर काढायची, तिच्यात जुन्या सुती बनियनचा छोटा तुकडा अडकवायचा आणि सरळ रेषेत पुढे ओढायचं. तिरकं ओढलं तर कड घासते. एका तुकड्यावर तेलाचा एक थेंब, मग कोरडे तुकडे. खर्च जवळजवळ शून्य.

स्प्रिंगवाला
धाग्यात सगळे पीसीपीचंच बोलतायत. नवशिक्यांपैकी बऱ्याच जणांकडे स्प्रिंगची रायफल असते, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हलका फेल्ट एकटा झाडू नका. पुढे पुरेसा अडथळा नसल्याने स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबणारा पिस्टन जोरात आपटतो, रिकामी झाडल्यासारखंच ते. दुसरं म्हणजे तंगूसदादांचा तेलाचा थेंब. तो दाबाच्या खोलीत उतरला तर हवा दाबली जाताना पेटतो. धूर, मोठा आवाज आणि सीलची वाट. कापड ओढा, आणि शेवटचा तुकडा कोरडा निघेपर्यंत पॅलेट भरू नका.

शूटरची आई
तेल-ब्रशच्या वादात एक गोष्ट राहतेय. त्या काळ्या चिंध्यांवर शिसं असतं. मुलं चिंधी खिशात कोंबतात आणि त्याच हातांनी वडापाव खातात. मी लेकीला झाकणाचा वेगळा डबा दिलाय आणि साबणाने हात धुतल्याशिवाय खायचं नाही, हा नियम केलाय. किट निवडताना हातमोजे कुणीच कसे मोजत नाही?

निवृत्त सुभेदार
ताईंचं शंभर टक्के बरोबर. पन्हाळकर, रॉडच्या सांध्यांचा मुद्दाही मानतो, पितळी ब्रश सोडला. पण दर 500 पॅलेट्सच्या डबीमागे तंगूस ओढलीच पाहिजे. ग्रुप उघडेपर्यंत, म्हणजे कागदावरची भोकं एकमेकांपासून पांगेपर्यंत, थांबायचं म्हणजे मॅचमध्ये गुण घालवून शिकायचं.

पन्हाळकर
डबीचा हिशोब मला नाही पटत, साहेब. कोरड्या हवेतल्या आणि कोकणातल्या रायफलला एकच मोजमाप कसं लावायचं? रायफल टेकवून, त्याच बॅचच्या पॅलेट्सनी ग्रुप घ्या, साफ करा, पुन्हा घ्या. दोन कागद शेजारी ठेवले की त्या नळीला कधी गरज पडते ते कळतं. आणि काहीही झालं तरी मॅचच्या आदल्या रात्री नको. साफ केलेल्या नळीला पुन्हा शिशाचा पातळ थर धरेपर्यंत सुरुवातीचे शॉट इकडेतिकडे जातात. तेवढी पॅलेट्स सरावात झाडूनच रेंजवर या.