गाय टीबी पॉझिटिव्ह निघाली, पुढे काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फलटण तालुक्यात आमचा 11 संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायींचा गोठा आहे. एक गाय दोन महिन्यांपासून खंगत चाललीय. खुराक तोच, तरी बरगड्या दिसायला लागल्या. पहाटे धार काढायला बसलं की कोरडा खोकला. डॉक्टरांनी मानेवरचे केस भादरून कातडीत ट्युबरक्युलिन (टीबीच्या चाचणीचं इंजेक्शन) टोचलं. 72 तासांनी मोजलं तर कातडीची घडी 7 मिलिमीटरने जाडावलेली. 4 मिलिमीटर वाढली तरी पॉझिटिव्ह धरतात.

राज्यात 2015 पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे परदेशासारखं बाधित जनावर कापून मोकळं होता येत नाही. आणि बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारणं मला जमणार नाही. सध्या शेडपासून 40 फुटांवर बांधलीय, दूध डेअरीला घालणं बंद केलंय. पण पाण्याचा हौद एकच आहे, तो वेगळा करावाच लागेल ना? बाकीच्या गायींची चाचणी परत किती दिवसांनी करून घेता? तिची कालवड तिच्याच दुधावर होती, तिचं काय? कानातल्या 12 अंकी बिल्ल्यावर ही नोंद चढवून घ्यायची का?

घरात दूध उकळूनच पितो, पण आई रोज वाटीभर धारोष्ण घ्यायची. तिची तपासणी उद्याच करतोय. ज्यांच्या गोठ्यात हे झालंय त्यांनी कृपया सांगा.