मदत हवी आहे: चांदीच्या इंग्लिश चषकावरचं खोडलेलं नाव
नमस्कार मंडळी. इथे लंडनला जुन्या बाजारात सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा मानाचा चषक मिळाला. बुडाशी ठसे आहेत: चालता सिंह, बिनमुकुटाचं बिबट्याचं तोंड, डावीकडे बघणारी व्हिक्टोरिया राणी. लंडनच्या ठशातल्या बिबट्याचा मुकुट १८२१ मध्ये गेला, राणी १८३७ ला गादीवर आली आणि राणीच्या मुखवट्याचा करठसा (कर भरल्याची खूण) १८९० ला बंद झाला. म्हणजे काळ त्या दरम्यानचा. पण नेमकं साल सांगणारं ठशातलं अक्षर पार झिजलंय.

पोटावरची चौकट कोरी दिसते. तोंडाची वाफ सोडली की खोडलेल्या अक्षरांच्या पुसट रेघा उमटतात, लगेच विरतात. तिथला पत्रा बोटाला पातळ लागतो. कुणाचा मान होता हा? जीव अडकलाय त्यात.

मुलाम्याला धक्का न लावता ती अक्षरं कशी वाचायची? पॉलिश अजून लावलेलं नाही. जाणकारांनी कृपया सांगा.