पहिली-दुसरी एकाच खोलीत, २७ लेकरं, कसं सांभाळू? मदत हवी आहे

नवीन_बाई_गेवराई:
जि. प.च्या द्विशिक्षकी शाळेवर शिक्षणसेवक म्हणून रुजू झालेय. पहिलीची १२ आणि दुसरीची १५ लेकरं एकाच खोलीत. निम्मी तांड्यावरची, घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात. पहिलीकडे वळले की दुसरी उठते. डीएडला घेतलेले सगळे पाठ एकाच वर्गाचे. सुरुवात कुठून करू?

खडू_फळा:
दुसरी उठते, कारण तिला दिलेलं काम तुमच्याशिवाय होत नाही. स्वतः करायला नवीन काही द्यायचं नाही, काल शिकवलेल्याचाच सराव द्यायचा. आधी दुसरीला काम सांगा, एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवा, दोघा-तिघांच्या पाट्या बघा आणि मगच पहिलीकडे जा. २० मिनिटांनी बदल. पहिलीचं लेकरू इतका वेळ पाटीवर टिकत नाही, त्याला मणी, चिंचोके, चित्रकार्डं द्या.

फळ्यावर मधोमध उभी रेघ मारा. दोन्ही वर्ग आपापल्या अर्ध्या फळ्यासमोर बसवा. ज्यांचं काम पाच मिनिटांत उरकतं, त्यांच्यासाठी गोष्टींची पुस्तकं दोरीवर टांगून ठेवा. गोंधळ सुरू होतो तो यांच्यापासूनच.

तांडा_शाळा:
पहिले १५ दिवस गोरमाटी चालू द्या. आईला याडी, भाकरीला बाटी म्हणतात. चित्र दाखवून आधी त्यांचा शब्द घ्या, मग मराठी द्या. ‘मराठीतच बोल’ म्हटलं की लेकरू गप्प होतं आणि आपण त्याला ‘काहीच येत नाही’ म्हणून मोकळे.

क, ख, ग, घ या क्रमानं जाऊ नका. क, म, न, ल आणि काना एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, लाल, काम असे शब्द लगेच वाचता येतात. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच आठवड्यात नकोत, लेकरं गोंधळतात.

काड्या_गठ्ठे:
गणितात दुसरी अडते ती संख्यानामांत. ‘तेवीस’मध्ये तीन आधी ऐकू येतो, म्हणून ३२ लिहितात. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकून ३९. २०१९ला दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! माझ्या मते दोन्ही नावं म्हणून घ्यावीत. तुराटीच्या बोटभर काड्या करा. दहाचे नऊ गठ्ठे आणि नऊ सुट्या, असे तीन संच १५ लेकरांना पुरतात. संख्या आधी काड्यांनी मांडायची, मग लिहायची. गठ्ठा लेकरानंच बांधायचा. आयता दिला तर त्याच्या लेखी तो ‘एक’च राहतो.

नवीन_बाई_गेवराई:
आभारी आहे. दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला जातील, त्या लेकरांचं काय?

तांडा_शाळा:
घर हलायच्या आधी मुकादम कोण आणि कारखाना कुठला, हे पालकांना विचारून वहीत टिपा. शिक्षण हमी पत्रक भरून पालकांच्या हातात द्या. ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. त्यात नुसती इयत्ता लिहू नका, ‘काना-मात्रेचे शब्द वाचतो, ५०पर्यंतच्या संख्या गठ्ठ्यांनी मांडतो’ असं लिहा. आजी-आजोबा गावात राहणार असतील तर मागे राहणाऱ्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाबद्दल मुख्याध्यापकांना आत्ताच विचारा, कोयता निघाल्यावर नव्हे.