मॉर्गेजमध्ये मेलंय कोण?

हप्तेवाला:
घराच्या कर्जाचे कागद परवा सहीला आले. 64 पानं. पहिलीच ओळ 'धिस इंडेंचर ऑफ मॉर्गेज'. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या, पण अर्थ विचारला तर समोरचा म्हणाला, "साहेब, तो फॉर्मॅटच आहे." बायको फ्रेंच शिकतेय. ती म्हणते, मॉर्ट म्हणजे मेलेला. 20 वर्षांचे हप्ते आणि सुरुवातच अशी अशुभ? आणि हे इंडेंचर काय प्रकरण आहे?

जुना कारकून:
वहिनींचं बरोबर आहे. जुन्या फ्रेंचमधलं 'मॉर्ट गाज', म्हणजे मेलेलं तारण. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांची फ्रेंच कोर्टात जाऊन बसली. 1362 साली 'युक्तिवाद इंग्रजीत करा' असा कायदा झाला, तरी वकील मंडळींची कागदावरची फ्रेंच पुढे तीनेकशे वर्षं सुटली नाही. वकीलच ते.

आता मेलंय कोण? 17व्या शतकातले इंग्रज कायदेपंडित सर एडवर्ड कोक सांगतात, कर्ज फेडलं नाही तर जमीन ऋणकोला मेली, फेडलं तर तारण धनकोला मेलं. ऐकायला झकास. पण मला जुना खुलासा जास्त पटतो. तेव्हा 'जिवंत तारण'ही असे. सावकार जमिनीचं उत्पन्न घेई आणि तेवढं कर्जातून वळतं होई. मेलेल्या तारणात उत्पन्न सावकाराच्या घशात आणि कर्ज जागच्या जागी. तुमचं घर तुमच्याच ताब्यात राहणार, म्हणजे आपल्या भाषेत नजरगहाण. निवांत झोपा.

इंडेंचर म्हणजे दातेरी कागद. चामड्याच्या एकाच पानावर मजकूर दोनदा लिहायचे, मधल्या जागेत ठसठशीत अक्षरांत एखादा शब्द, आणि त्या शब्दावरूनच नागमोडी कापायचे. एकेक तुकडा दोघांकडे. तंटा झाला की दाताला दात लावून बघायचे, बसले तर कागद खरा. लॅटिन 'डेन्स' आणि आपला दंत एकाच कुळातले. मॉर्ट आणि मृतसुद्धा. 31 वर्षं कोर्टात भाषांतरं केली, पण हे नातं कळलं निवृत्तीनंतर!

मॉरिशसची माई:
याच इंडेंचरवर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आमचे पूर्वज कोकणातून इथे उसाच्या मळ्यांत आले. फिजी आणि दक्षिण आफ्रिकेकडे गेलेल्यांनी अ‍ॅग्रीमेंटचं 'गिरमिट' केलं, म्हणून ते गिरमिटिये. माहेरच्या मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, हे मला फार उशिरा कळलं. शब्द वेगळा, पण लागू पडतो.

हप्तेवाला:
काका, सरळ मराठीत लिहिलं असतं तर?

जुना कारकून:
कुठल्या मराठीत? दावा, वकील, कैफियत अरबी, फिर्याद फारसी. तुमच्या गहाणखतातलं गहाण आपलं, खत अरबी. 'वादी मयत, वारस हजर' लिहिताना मला कधी ते परकं वाटलं नाही, आणि पक्षकाराला कधी ते नीट कळलं नाही.

हप्तेवाला:
आज सह्या केल्या. दाते कुठेच नाहीत, डाव्या कडेला पंचिंगची दोन भोकं आहेत. माई, गिरमिटच म्हणायचं.